सिनेगॉगमधली जॅझ मैफल: नागपूरच्या श्रोत्यांचे नेहमीचे प्रश्न

धरमपेठेत एका मित्राच्या दिवाणखान्यात आम्ही काही जण महिन्यातून एकदा जुन्या-नव्या रेकॉर्ड ऐकायला जमतो. ज्यू प्रार्थनेच्या चाली जॅझच्या अंगाने वाजवलेल्या तिथे ऐकवल्या की प्रश्नांना अंत राहत नाही. पुढे लग्नकार्यात भेट झाली तरी विषय तोच निघतो. वारंवार येणारे प्रश्न आणि त्यांची मला देता येतील ती उत्तरं इथे मांडतो आहे. हे वाचून कुणी मुंबई-पुण्याला जाऊन अशी मैफल ऐकली, किंवा नागपुरातच घडवून आणली, तर मला फार आनंद होईल.

सिनेगॉगमध्ये जॅझची मैफल म्हणजे तिथे नक्की काय होतं?

सिनेगॉग हे ज्यूंचं प्रार्थनामंदिर. तिथे पिढ्यान्‌पिढ्या गायल्या गेलेल्या प्रार्थनेच्या, सणांच्या आणि लग्नाच्या चाली चार-पाच जणांचा जॅझ संच वाजवतो. पियानो, बास आणि ड्रम बहुधा असतातच. सोबत क्लॅरिनेट, सॅक्सोफोन किंवा व्हायोलिन. कधी हझान, म्हणजे प्रार्थनेचं गायन चालवणारा गायक, स्वतः गातो.

पुष्कळदा चाल सुरुवातीला बिनतालाची, मोकळी येते. मग बासवाला एक छोटासा तुकडा धरून तोच फिरवत राहतो, ड्रमवर ब्रशची सळसळ सुरू होते आणि वादक पाळीपाळीने त्या चालीवर उपज करतात. शेवटी सगळे मिळून मूळ चालीवर परततात. ख्यालाला बसणाऱ्या माणसाला हा आकार समजावून सांगावा लागत नाही.

अमेरिकेत 1960च्या दशकात काही संगीतकारांनी याच्याही पुढे जाऊन सबंध प्रार्थनाच जॅझमध्ये बांधल्या. 1968 साली ध्वनिमुद्रित झालेल्या अशा एका रचनेत पियानोवर हर्बी हँकॉक आणि बासवर रॉन कार्टर होते. जॅझ ऐकणाऱ्यांना ही नावं कुठल्या तोलाची आहेत ते ठाऊक आहे.

पण प्रार्थनास्थळात जॅझ? हे त्यांच्या धर्माला चालतं का?

हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढ्यात आटपत नाही.

जेरुसलेमच्या प्राचीन मंदिरात वाद्यं होती. स्तोत्रसंहितेतलं दीडशेवं स्तोत्र तर शिंग, वीणा, डफ, तंतुवाद्य, बासरी, झांजा अशी यादीच देतं आणि या सगळ्यांनी देवाची स्तुती करा म्हणतं. इसवी सन 70 मध्ये रोमनांनी ते मंदिर पाडलं. त्या शोकाची खूण म्हणून सिनेगॉगमधल्या उपासनेतून वाद्यं गेली आणि माणसाचा गळा तेवढा उरला. शिवाय शब्बाथच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी तारे दिसेपर्यंत, परंपरा पाळणारे ज्यू कुठलंच वाद्य वाजवत नाहीत. उपासनेतल्या वाद्यबंदीला अपवाद एका शोफारचा, मेंढ्याच्या शिंगाचा. ज्यू नववर्षाला तो सिनेगॉगमध्ये फुंकतात, मात्र तो दिवस शनिवारी आला तर तोही नाही.

एकोणिसाव्या शतकात जर्मनीत सुधारणावादी ज्यूंनी सिनेगॉगमध्ये ऑर्गन आणला. 1810 साली झेसेन गावी त्याची सुरुवात झाली आणि त्यावरून वादही पुष्कळ झाले. आजही सुधारणावादी सिनेगॉगमध्ये शब्बाथला गिटार किंवा पियानो ऐकू येतो, सनातनी सिनेगॉगमध्ये नाही. आपल्याकडची सिनेगॉग जुन्या परंपरेने चालणारी आहेत. तिथे मैफल होणार ती रविवारी किंवा आठवड्यातल्या इतर दिवशी, प्रार्थनेच्या वेळा सोडून आणि विश्वस्तांच्या संमतीनेच.

श्रद्धाळू गायक मैफलीत गाताना देवाचं नाव प्रार्थनेतल्यासारखं उच्चारत नाहीत. त्या जागी 'हाशेम' म्हणतात किंवा एखादं अक्षर बदलतात. प्रार्थना म्हणजे प्रार्थना आणि मैफल म्हणजे मैफल, ही सीमारेषा ते स्वतःच सांभाळतात. ही काळजी मला फार मोलाची वाटते, आणि ज्या समाजाला मंदिरात मैफल नकोच वाटते त्याचंही म्हणणं मी मानतो.

ज्यू चाली म्हणजे नेमक्या कुठल्या? सगळ्या एकसारख्या असतात का?

मुळीच नाही. ज्यू समाज जिथे जिथे राहिला तिथलं संगीत त्याच्या गळ्यात उतरलं. पोलंड-युक्रेनकडच्या चाली वेगळ्या, बगदादच्या वेगळ्या, येमेनच्या वेगळ्या. स्पेनमधून 1492 साली हाकलले गेलेले ज्यू लादिनो भाषेतली गाणी तुर्कस्तान, ग्रीस, मोरोक्कोपर्यंत घेऊन गेले. कोकणातल्या चालींकडे पुढे येतो.

तरी मैफलीत साधारण चार तऱ्हा भेटतात.

पहिली, तोराचं पठण. तोरा हा धर्मग्रंथ हाताने लिहिलेल्या चर्मपत्राच्या गुंडाळीवरून वाचतात. त्या गुंडाळीत चालीच्या खुणा नसतात आणि शब्दांतले स्वर (अ, इ, उ) दाखवणाऱ्या खुणाही नसतात. कुठल्या शब्दावर गळ्याने कसं वळायचं हे वाचणाऱ्याने आधी पाठ करून यायचं असतं. वेदपाठशाळेत घडलेल्या माणसाला यातली शिस्त लगेच कळेल.

दुसरी, हझानचं प्रार्थनागायन. मोकळ्या लयीत, शब्दाच्या अर्थाने वाकणारं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला योसेले रोझेनब्लाट हा हझान इतका नावाजला की 1918 मध्ये शिकागोच्या ऑपेराने त्याला बोलावणं धाडलं. धर्माच्या कारणास्तव त्याने ते नाकारलं. त्याच्या जुन्या खरखरणाऱ्या ध्वनिमुद्रिका आजही ऐकाव्यात. आवाज तुटतो, रडतो आणि त्याच श्वासात वर चढतो.

तिसरी, निगुन. अठराव्या शतकात पूर्व युरोपात हसिदी भक्तिपंथ उभा राहिला. शब्द संपतात तिथून पुढे नुसत्या सुरांनी देवाकडे जायचं अशी त्यांची धारणा. 'याय-बाय-बाम' अशा निरर्थ अक्षरांवर एकच छोटी चाल पुन्हा पुन्हा, हळूहळू चढत गातात. माझ्या मते जॅझला सगळ्यात सहज मिळते ती हीच. चाल आखूड, शब्दांचं ओझं नाही, आवर्तनावर आवर्तन.

चौथी, क्लेझमर. ही लग्नातली वाजंत्री. व्हायोलिन, क्लॅरिनेट, आणि संतूरच्या जातीचं काड्यांनी वाजवायचं त्सिम्बल. इतवारी-महालातल्या वरातीत बँडचा क्लॅरिनेटवाला पुढे होऊन तान घेतो तेव्हा गर्दी थांबते, ते आपण पाहिलेलं आहे. क्लेझमरचा क्लॅरिनेटवाला त्याच कामाचा माणूस.

आमचा कान रागदारीचा. जॅझ समजत नाही. जमेल का?

जमते! उलट रागदारीचा कान हीच मोठी शिदोरी आहे.

एक सप्तक गुणगुणून पाहा: सा, कोमल रे, शुद्ध ग, शुद्ध म, प, कोमल ध, कोमल नी. पूर्वांग भैरवाचं, उत्तरांग भैरवीचं. आपल्याकडे याच स्वरांचा बसंत मुखारी आहे. पूर्व युरोपच्या ज्यूंकडे याला सकाळच्या एका प्रार्थनेवरून 'आहावा राबा' हे नाव पडलं, क्लेझमरवाले त्याला 'फ्रेगिश' म्हणतात आणि अरबी संगीतातला हिजाझ त्याच्या शेजारचा. मैफलीतल्या पुष्कळ चाली या सप्तकात असतात. कोमल रिषभावरून शुद्ध गंधारावर घेतलेली उडी ओळखता आली की निम्मं काम झालं.

दुसरं सप्तक: सा, शुद्ध रे, कोमल ग, तीव्र म, प, शुद्ध ध, कोमल नी. कर्नाटक संगीतात हेमवती. यातले रे आणि ध बाजूला ठेवले तर मधुकंसचे स्वर उरतात. तीव्र मध्यमाची ती ओढ ज्यू चालींत फार येते.

आता जॅझ यात काय करतं? आपल्याकडे तानपुरा सा-प धरून बसतो. जॅझचा पियानोवाला एकाच वेळी तीन-चार स्वर दाबतो आणि ते बदलत नेतो. पहिल्या सप्तकात षड्जावरून स्वरसंघ केला तर सा-ग-प असा उजळ येतो. मध्यमावरून केला तर म-ध-सा, आणि हा ध कोमल असल्याने छाया गडद होते. एरवी पाश्चात्त्य संगीतात शेवट करताना पंचमावरच्या स्वरसंघातून षड्जावर येतात. इथे प-नी-रे मधले नी आणि रे दोन्ही कोमल, त्यामुळे तो संघ लंगडा पडतो. म्हणून कोमल निषादावरून, नी-रे-म घेऊन, सा-ग-प वर उतरतात. मैफलीत पियानोवाल्याचा डावा हात ऐका. अंधारातून उजेडात आल्यासारखी ती उतरण पुन्हा पुन्हा भेटेल आणि तुम्ही तिची वाट पाहू लागाल.

गळ्याच्या जागा मात्र निराळ्या. आपल्याकडे मींड आहे, सूर न तुटता सरकतो. हझान आणि क्लेझमरवाले सूर मुद्दाम मध्येच किंचित तोडतात, हुंदका आल्यासारखा. त्याला 'क्रेख्त्स' म्हणतात. जॅझमध्ये ब्लूजचा, म्हणजे आफ्रिकी अमेरिकनांच्या एका गानप्रकारातला, गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधे हेलकावतो. हुंदका आणि हेलकावा एकाच ओळीत आले की मैफल उभी राहते.

एक सावधगिरी. या सप्तकांना राग म्हणू नका. वादी-संवादी, चलन, पकड असा बांधेसूद विचार तिथे आपल्या पद्धतीने नाही. वेळेचं भान मात्र पक्कं. रोजच्या सकाळची धून वेगळी, शब्बाथची वेगळी, योम किप्पुरच्या उपवासाची वेगळी. डोळे मिटून सिनेगॉगमध्ये आणलेल्या जाणकाराने नुसतं ऐकून आज कुठला दिवस आणि कुठली वेळ ते सांगावं, अशी अपेक्षा असते. 'समय सांभाळा' असं शिकत वाढलेल्या आपल्या लोकांना यात ओळखीचं बरंच सापडेल.

जॅझशी ज्यूंचा संबंध कसा आला? जॅझ तर आफ्रिकी अमेरिकनांचं ना?

जॅझ आफ्रिकी अमेरिकनांचं आहे आणि हे स्पष्ट म्हणायलाच हवं. न्यू ऑर्लिन्समध्ये, गुलामगिरीतून बाहेर पडलेल्या लोकांच्या ब्लूज, चर्चगीतं आणि बँडवादनातून ते घडलं. ज्यू नंतर आले. 1881 नंतरच्या चार दशकांत पूर्व युरोपातल्या छळाला आणि दारिद्र्याला कंटाळून वीस लाखांहून अधिक ज्यू अमेरिकेत उतरले. त्यांची मुलं शिकागो-न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांत वाढली, घरात आजोबांची प्रार्थना आणि रस्त्यावर जॅझ ऐकत.

जॅझचा थोर ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग याची गोष्ट इथे सांगायलाच हवी. न्यू ऑर्लिन्समध्ये पोरसवदा वयात तो लिथुआनियातून आलेल्या कार्नोफ्स्की या ज्यू कुटुंबाकडे काम करायचा. पहिलं कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटच्या जातीचं वाद्य, घ्यायला त्यांनी त्याला पैसे दिले, हे त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे. तो पुढे आयुष्यभर गळ्यात दाविदाचा तारा, हे ज्यूंचं चिन्ह, घालत असे.

क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन हा 1909 साली शिकागोत जन्मलेला, स्थलांतरित ज्यू शिंप्याचा मुलगा. त्याचा बँड गाजला त्यात फ्लेचर हेंडरसन या कृष्णवर्णीय संगीतकाराच्या बांधणीचा फार मोठा वाटा आहे. गुडमनने 1936 मध्ये टेडी विल्सन आणि लायनेल हॅम्प्टन या दोघा कृष्णवर्णीयांना आपल्याबरोबर जाहीर मंचावर वाजवायला बसवलं. त्या काळच्या अमेरिकेत ही लहान गोष्ट नव्हती. 16 जानेवारी 1938ला कार्नेगी हॉलमध्ये त्याची मैफल झाली. तिथे यिद्दिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतल्या, एका नाटकातल्या गाण्यात झिगी एल्मनने मधेच ट्रम्पेटवर निखळ क्लेझमर सुरू केलं आणि प्रेक्षक बेभान झाले. ते ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. या सगळ्या विषयात एकच तुकडा ऐकायचा असेल तर मी तो ऐकायला सांगतो.

पुढे 1990च्या दशकात न्यूयॉर्कच्या जॉन झॉर्नने 'मसादा' नावाचा चौघांचा संच काढला. ज्यू सप्तकांत शेकडो छोट्या धुना लिहून त्या पूर्ण मोकळ्या जॅझमध्ये वाजवल्या. ते काहींना कर्कश वाटतं. मला पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते द्यावंसं वाटत नाही, सवय झाल्यावर मात्र नक्की द्यावं.

सगळ्या चाली दुःखीच का वाटतात?

कोमल रिषभ ऐकला की आपण करुण रस गृहीत धरतो, म्हणून. ज्यूंच्या लग्नातली सगळ्यात धुंद नाचगाणी याच फ्रेगिशमध्ये आहेत. छळाचा इतिहास या संगीतात आहेच, पण नुसता तेवढाच ऐकला तर त्या लोकांचा आनंद आपण त्यांच्याकडून काढून घेतो. मैफल निवडताना, भरवताना, तिच्यावर लिहिताना हे लक्षात ठेवावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

हे फ्युजनच ना?

त्या नावाखाली आपल्याकडे बरंच काही खपलं, त्यामुळे मी तो शब्द टाळतो. माझी कसोटी साधी आहे: मैफल संपल्यावर मूळ चाल घरी गुणगुणता येते का? येत असेल तर वादकांनी तिचा मान राखला. योम किप्पुरच्या आदल्या संध्याकाळी म्हणतात ती 'कोल निद्रे' घ्या. अरामी भाषेतला तो मजकूर खरं तर नवस-शपथांतून मुक्त होण्याचा कायदेशीर मसुदा आहे. तो तीनदा म्हणतात, दर वेळी आवाज चढवत. माक्स ब्रुख हा ज्यू नव्हता, पण 1880 मध्ये त्याने त्या चालीवर चेलो आणि वाद्यवृंदासाठी रचना केली आणि चेलोला हझानसारखं बोलतं केलं. जॅझवाल्याने ही चाल घेतली तर ती चढण त्याच्या वादनात दिसली पाहिजे. नुसते कठीण स्वरसंघ लावून, वेग वाढवून टाळ्या घेणाऱ्याला चालीची गरजच नव्हती.

हिब्रू-यिद्दिश येत नाही. अडेल का?

अडत नाही. निगुनला शब्दच नसतात. बाकीच्यांसाठी कार्यक्रमपत्रिकेत दोन ओळींचा अर्थ असला की पुरे.

हे संगीत ऐकणं म्हणजे इस्रायलच्या राजकारणात बाजू घेणं होतं का?

नाही. यातल्या बहुतेक चाली 1948 च्या कितीतरी आधीच्या, वॉर्सापासून बगदादपर्यंतच्या आहेत. त्या बांधणारे आणि आज वाजवणारे लोक राजकारणात एकमताचे नाहीत. गाझातल्या माणसांसाठी तुमचा जीव तुटत असेल तर तो तुटू द्या. त्यासाठी कान बंद करावे लागत नाहीत.

आपल्या महाराष्ट्राचा यात काही संबंध आहे का?

आहे, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

बेने इस्राएल हा आपल्या कोकणातला मराठी बोलणारा ज्यू समाज. त्यांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजातून वाचले, सात पुरुष आणि सात स्त्रिया. त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं. गावांवरून आडनावं पडली: पेणकर, रोहेकर, नवगावकर, केहिमकर. मुंबईत 1796 साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मांडवी भागात या समाजाचं पहिलं सिनेगॉग बांधलं.

या लोकांनी मराठीत कीर्तनं केली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत आपल्या कीर्तनाची चौकट घेऊन त्यांनी अब्राहम, योसेफ, मोशे यांची आख्यानं रचली आणि साक्या-दिंड्यांच्या चालीत गायली. वल्हांडण या ज्यू सणाच्या रात्री वाचायचा ग्रंथ, हगादा, मराठीत छापला. मलिद्याचा विधी तर अजूनही घरोघरी होतो. भिजवलेले गोड पोहे, खवलेला नारळ, सुकामेवा आणि फळं ताटात मांडायची, एलियाहू हनाबी या संदेष्ट्याला आळवणारं गाणं सगळ्यांनी मिळून म्हणायचं आणि मग प्रसाद वाटायचा. अलिबागजवळच्या खंडाळ्यात एलियाहूच्या रथाच्या खुणा दाखवतात, तिथे नवस फेडायला लोक जातात.

1948 नंतर समाजातले बहुतेक लोक इस्रायलला गेले. तिथेही त्यांनी मराठी सोडली नाही, 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. इथे उरलेल्यांना महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये अल्पसंख्याक दर्जा दिला.

माझं म्हणणं असं. ज्यू जॅझ म्हटलं की वादक पोलंड-युक्रेनच्या चालींकडे वळतात, कारण मुद्रित साठा तिथला मोठा आहे. महाराष्ट्रात मैफल होत असेल तर तिच्यात निदान एक तरी चाल बेने इस्राएलांची हवी. एलियाहू हनाबीचं गाणं डबल बासवर कसं उभं राहील? दिंडीच्या चालीतल्या योसेफाच्या आख्यानाला पियानोवर कुठले स्वरसंघ लागतील? हे काम मराठी कानाच्या वादकाला जितकं साधेल तितकं न्यूयॉर्कच्या वादकाला साधणार नाही. त्यासाठी समाजातल्या वडीलधाऱ्यांकडे बसून आधी त्या चाली शिकाव्या लागतील. गाणाऱ्या आज्या थोड्या उरल्या आहेत, तेव्हा हे लवकर व्हायला हवं.

आणि जॅझशी आपला संबंध?

तोही जुना आहे. 1935 मध्ये लिऑन ॲबी आपला कृष्णवर्णीय वादकांचा बँड घेऊन मुंबईच्या ताजमध्ये आला. पुढे गोव्याचे वादक जॅझमध्ये तयार झाले आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात शिरले. चिक चॉकलेट हा गोमंतकीय ट्रम्पेटवाला सी. रामचंद्रांबरोबर काम करायचा. आणि सी. रामचंद्र हे नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिकलेले, वसंतराव देशपांड्यांचे गुरुबंधू. आपल्या आईवडिलांनी रेडिओवर ऐकलेल्या कित्येक गाण्यांत स्विंग, म्हणजे जॅझचा झुलता ठेका, होता.

नागपूरहून ऐकायला कुठे जाता येईल?

सिनेगॉगची वास्तू अनुभवायची तर मुंबई किंवा पुणे. मुंबईत काळा घोड्याजवळचं निळं केनेसेथ एलियाहू, 1884 सालचं, काही वर्षांपूर्वी सुंदर दुरुस्त झालेलं. भायखळ्याचं मागेन डेविड 1864 चं. पुण्यात कॅम्पातलं ओहेल डेविड, ज्याला पुणेकर लाल देऊळ म्हणतात, 1867 चं. दुरांतो, विदर्भ किंवा सेवाग्रामने संध्याकाळी-रात्री निघून दुसऱ्या दिवशी सीएसएमटीला उतरलात तर काळा घोडा पायी जाण्याच्या अंतरावर आहे. मैफल असल्याचं कळलं तरी तिकीट काढण्याआधी वेळ आणि प्रवेशाची खात्री करून घ्या.

या वास्तूंमध्ये ध्वनीचीही गंमत आहे. प्रार्थना चालवण्याचा उंच चौथरा पुष्कळदा दालनाच्या मध्यभागी असतो, छत उंच आणि बाकं लाकडाची. सूर चारी बाजूंनी फिरून येतो. ड्रमवाल्याने काड्या ठेवून ब्रश घेतले नाहीत तर सगळं एकमेकांत मिसळून जातं.

आत जाताना काय पाळायचं?

पुरुषांनी डोकं झाकायचं. टोपी दारात मिळते, आपली गांधी टोपी किंवा रुमालही चालतो. कपडे खांदे-गुडघे झाकणारे. आधारकार्डासारखं फोटो असलेलं ओळखपत्र जवळ हवंच. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात मुंबईतलं नरिमन हाऊस हे ज्यू केंद्र लक्ष्य झालं, तेव्हापासून ज्यू वास्तूंवर पहारा कडक आहे. पिशवी तपासली तर मनाला लावून घेऊ नका. बाहेरचं खाणं आत नेऊ नका, त्यांचे आहाराचे नियम काटेकोर असतात. जेरुसलेमच्या दिशेच्या भिंतीत तोराच्या गुंडाळ्यांचं कपाट असतं, त्याला पाठ टेकून फोटो काढू नका.

टाळ्या, दाद?

जॅझमध्ये एकेकाची उपज संपली की तिथल्या तिथे टाळी देतात. 'क्या बात है' ही चालेल. हझान एकटा प्रार्थना गात असेल तेव्हा मात्र शांत राहावं.

लहान मुलांना न्यावं का?

जरूर. निगुन सगळ्यात आधी मुलंच उचलतात.

नागपुरात अशी मैफल करायची तर?

करता येईल, आणि मला ती व्हायलाच हवी आहे. सिनेगॉगचा आग्रह सोडावा लागेल. लहान, लाकडी सजावटीचं, ध्वनिवर्धकाशिवायही ऐकू येईल असं सभागृह शोधा. सिव्हिल लाइन्समधलं चिटणवीस सेंटर किंवा लक्ष्मीनगरचं सायंटिफिक सोसायटीचं सभागृह अशा मापाचं. सुरेश भट सभागृह यासाठी फार मोठं पडेल, वादक आणि श्रोते यांच्यातलं अंतर इथे परवडत नाही.

वादक इथे मिळतात. सदरच्या चर्चमध्ये वाढलेले पियानो-गिटारवाले आहेत, ऑर्केस्ट्रातले सॅक्सोफोनवाले आहेत, आणि लग्नाच्या बँडमधला एखादा तयारीचा क्लॅरिनेटवाला हाती लागला तर त्याला मी सगळ्यात पुढे बसवेन. उभा बास मिळाला नाही तर इलेक्ट्रिक बास चालवा. मुंबई-पुण्याहून हझान किंवा बेने इस्राएल गायक-गायिका बोलवावी, प्रवासखर्च आणि मानधन ठरवून द्यावं, आणि कुठल्या चाली मंचावर आणायच्या याचा निर्णय त्यांच्यावर सोडावा. दोन दिवस आधी येऊन त्यांनी वादकांना चाली गाऊन शिकवाव्यात. कागदावरच्या नोटेशनवरून हुंदका शिकता येत नाही.

तारीख काळजीपूर्वक निवडा. शुक्रवारची संध्याकाळ आणि शनिवार नको. वल्हांडणापासून शाबुओथ या सणापर्यंतच्या सात आठवड्यांत, आणि जुलै-ऑगस्टमध्ये मंदिराच्या विध्वंसाच्या स्मरणाआधीच्या तीन आठवड्यांत, परंपरा पाळणारे ज्यू संगीताचे कार्यक्रम टाळतात. सप्टेंबर-ऑक्टोबर त्यांच्या मोठ्या सणांत जातो. डिसेंबर उत्तम: बहुधा याच महिन्यात आठ दिवसांचा हनुक्का येतो, दिव्यांचा आणि गाण्यांचा सण, आणि नागपूरची हवाही साथ देते. फक्त तेव्हा हिवाळी अधिवेशन असतं, हॉटेलं आणि गाड्या भरलेल्या असतात. सभागृह आणि पाहुण्यांच्या खोल्या दिवाळीच्या आधीच ठरवून ठेवा.